काळी पाचचा गंधार

ही हकीकत सांगायची मी फार वर्षं टाळली. टाळण्यासाठी विशेष काही करावं लागलं नाही. घरात तिची एक सोपी आवृत्ती तयार होती, सगळ्यांना पाठ होती, ऐकताना हसूही यायचं. ती आवृत्ती मीच तयार केली होती. म्हणजे मोडायचीही मलाच होती, आणि दर वर्षी काहीतरी निमित्त निघून ते राहून जायचं.

आता चैत्र पुन्हा आलाय. बनशंकरीतल्या आमच्या रस्त्यावर गुलाबी फुलांचा थर पडलेला असतो, आणि सकाळी झाडणारी अक्का त्याचे ढीग करता करता फुलांनाच कन्नडमध्ये रागावत असते. बाजारात युगादीसाठी कडुलिंबाचा मोहोर आलाय, आंब्याचे डहाळे आलेत. दुपारी हवा दाटून येते, वाटतं वळीव पडेल, आणि पडत नाही. या दिवसांत मला लवकर थकायला होतं. वयामुळे असेल. पण नलू गेल्यानंतरचा हा पहिला चैत्र आहे, आणि आता निमित्तंही संपली आहेत.

नलू माझी धाकटी बहीण. लग्नानंतर ती हुबळीला होती, यजमान गेल्यावर मुलाकडे हेब्बाळला आली. दर पाडव्याला शहराचं हे टोक ते टोक करून ती आमच्याकडे जेवायला यायची. गेल्या श्रावणात ती झोपेतच गेली. सगळे म्हणाले, चांगलं मरण आलं. मीही म्हणालो.

मी हे लिहायला बसलोय त्या खोलीत एक डिजिटल पियानो आहे. आमच्या अभिजितने मुलीसाठी घेतलेला. ते सगळे परदेशी गेले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, विकू नका, वाजवा." मला वाजवता येत नाही. कित्येक महिने त्यावर जुनी चादर होती आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. मग एकदा कंटाळून मी त्याचं माहितीपुस्तक काढलं. ही माझी जुनी खोड आहे. घरात मिक्सर आला तरी मी आधी पुस्तक वाचतो, माझी बायको सुमन तोवर चटणी वाटून मोकळी होते.

त्या पुस्तकात मागच्या बाजूला, कोणी सहसा उघडत नाही अशा पानावर, सुरांच्या मांडणीचे प्रकार दिले होते. इक्वल, प्युअर मेजर, प्युअर मायनर, आणि दोन-तीन जुनी युरोपीय नावं. एक बटण दाबून धरायचं, ठरावीक पट्टी दाबायची, की त्याच पियानोतले सूर केसभर इकडे तिकडे सरकतात. शुद्ध मांडणी निवडली तर सा कुठला तेही सांगावं लागतं, कारण ती एकाच सा-पुरती शुद्ध असते. दुसरीकडून गायला लागलात तर कुठला ना कुठला सूर बोचतो. इक्वलमध्ये तसं नाही. तिथे बाराही सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, कुठूनही सुरू करा, सगळीकडे सारखंच थोडं थोडं बिघडलेलं. सप्तकाचा हिशोब मुळातच पुरता जुळत नाही. जी चूक उरते ती जात नाही. ती कुठे ठेवायची एवढंच आपल्या हातात असतं.

मी शुद्ध मांडणी निवडली. सा म्हणून काळी पाच निवडली. का, ते त्या क्षणी स्वतःलाही सांगितलं नाही. डाव्या हाताने सा धरला, उजव्याने गंधार. आणि खुर्चीची पाठ धरून बसून राहिलो. हा सूर मी ओळखत होतो. हाच मी एकेकाळी चूक ठरवला होता.

वडील गेल्यावर नलू आमच्याकडे राहायला आली. मी तेव्हा एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होतो, कॅलिब्रेशन विभागात. इतर विभागांची मापकं आमच्याकडे तपासायला यायची. आम्ही ती प्रमाण मापकाशी ताडून बघायचो, बरोबर ठरली की त्यावर तारखेचा छोटा स्टिकर लावायचो. स्टिकर नसलेल्या यंत्रावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. त्या कामाचा मला अभिमान होता. थोडा जास्तच होता.

नलू आली ती मिरजेचा तानपुरा घेऊन. कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या. मागच्या खोलीत पलंग, शिवणयंत्र आणि कोपऱ्यात तानपुरा. पहाटे दूधवाल्याची सायकल वाजायच्या आधी तिचा काळी पाचचा सा लागलेला असायचा. तिचा भूप मला आजही ऐकू येतो. भूपात सूर पाचच, आणि त्यातला गंधार म्हणजे घरातला कर्ता माणूस. तो नीट बसला की बाकीचे आपापल्या जागी येतात. शेजारच्या मूर्तींच्या पत्नी हातात डिकाशन कॉफीचा पेला घेऊन मधल्या भिंतीशी उभ्या राहायच्या. "नलिनी, इन्नू स्वल्प," म्हणायच्या. आणखी थोडं.

चैत्रात रेडिओची ऑडिशन होती. पास झाली असती तर नलूला कार्यक्रम मिळाले असते, शिकवण्या मिळाल्या असत्या, स्वतःचं काहीतरी झालं असतं. ती तसं बोलून दाखवायची नाही. पण त्या दिवसांत ती ताक पीत नव्हती, कैरी खात नव्हती, आणि उन्हातून येऊन माठातलं पाणी नुसतं बघत बसायची.

मला वाटलं, आपण मदत करावी. मी एक खोकं तयार केलं. ट्रान्झिस्टरचं साधं यंत्र, पुढे बारा बटणं. दाबलं की त्या सुराचा अखंड आवाज. कुठल्या सुराची कंपनसंख्या किती, याचा तक्ता ऑफिसातल्या एका जाड इंग्रजी ग्रंथात होता. त्याप्रमाणे एकेक सूर विभागातल्या उत्तमोत्तम मापकावर जुळवून घेतला. अगदी दशांशापर्यंत. गमतीने वर आमचा स्टिकरही लावला.

नलू त्याला "तुझा गवई" म्हणायची. "दादा, तुझा गवई श्वास कसा घेत नाही रे?"

"म्हणूनच तो चुकत नाही," मी म्हणायचो.

सा जुळला. पंचम जुळला. गंधाराला मात्र खोक्याचा आवाज आणि नलूचा आवाज एकत्र आले की एक बारीक थरथर उठायची. दोन सूर अगदी जवळ असतात पण एक नसतात तेव्हा ती उठते. यंत्राच्या माणसाला ती बरोबर कळते. आणि यंत्राच्या माणसाला तेव्हा एवढंच कळलं.

"थरथरतोय बघ. तू उतरतेस."

"मला तिथेच बरं वाटतं, दादा. तिथे तो बसतो."

"बसतो म्हणजे काय? बसण्याचं माप काय?"

"माप कुठलं असायला? बसला की कळतं."

"आमच्या विभागात असं बोललीस तर तुझ्यावर स्टिकर लागायचा नाही हो."

स्वयंपाकघरातून सुमन ओरडली, "अहो, आमटीत मीठ बरोबर पडलंय का तेही बघा जरा खोक्याला लावून."

आम्ही तिघंही हसलो. नलू सगळ्यात जास्त हसली, आणि हसू ओसरल्यावर पुन्हा डोळे मिटून गंधार लावायला बसली. थरथर जाईपर्यंत वर, किंचित वर. मी समोर बसून बोटाने खूण करत होतो. वर. अजून. हां, थांब. तानपुरा त्या दिवसांत बाजूलाच ठेवला होता. तो गवसणीत घालून वर ठेवून द्यायलाही मीच सांगितलं. म्हटलं, दोन दोन आवाज नकोत. ऑडिशन जवळ आली तेव्हा तिचा गंधार खोक्याशी इतका तंतोतंत मिळत होता की दोन आवाज वेगळे सांगता आले नसते. मी ऑफिसात सर्वांना सांगितलं. दोघातिघांनी असं खोकं करून मागितलंही.

ऑडिशनला मी बरोबर गेलो. बाहेर एका मोठ्या झाडाखाली बाक होता, त्यावर बसलो. आत नियमाप्रमाणे तानपुरा आणि तबला, दुसरं काही नाही. ती लवकर बाहेर आली. मागोमाग आतले एक वयस्कर गृहस्थ दारापर्यंत आले आणि कन्नड-हिंदीच्या मिश्रणात तिला म्हणाले, "गळा चांगला आहे अम्मा. पण गंधार स्वल्प चढतो. तानपुऱ्यासमोर जास्त बसा." त्यांचा आवाज मऊ होता. नलूने त्यांना नमस्कार केला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा कान गेलाय. खरंच तसं म्हटलं. घरी सुमनने दार उघडून विचारलं, "काय झालं?" नलू दारातच वाकून चपलेचा पट्टा काढत होती. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "माईक बघून घाबरली."

बस, एवढंच. तीच ती आवृत्ती. पुढे ती वाढत गेली. माईक बघून नलूच्या हाताला कसा कंप सुटला, पाणी मागितलं तर घशातून आवाजच कसा फुटेना, हे सगळं मी मुलांच्या मुंजीत, कुणाच्या डोहाळजेवणात सांगितलंय, नक्कल करून. भाचरं तिला "माईकआत्या" म्हणायची. तीही हसायची. गणपतीच्या आरतीला ती टाळ घ्यायची आणि टाळच वाजवायची, तोंड मिटलेलं. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती, असं मला म्हणता आलं असतं. पण त्याच वर्षी नवरात्रात नलू आणि सुमन हुबळीला स्थळ बघायला गेल्या होत्या. घरात मी एकटा. धूळ झटकायला म्हणून तानपुरा खाली काढला, तारा जुळवल्या, सहज छेडत बसलो. खर्जाची तार नीट लागली की तिच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. कोणी छेडत नाही, तो असतोच. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात हे मला नलूनेच कधीतरी सांगितलं होतं. मी खोकं चालू केलं. गंधाराचं बटण दाबलं.

थरथर उठली.

खोलीत कोणी गात नव्हतं. नलू हुबळीला होती. मी तार थांबवली, पुन्हा छेडली, खोकं बंद केलं, पुन्हा चालू केलं. ज्या गोष्टीवर मी पगार घेत होतो ती मला दुपारभरात समजली. खोकं बिघडलेलं नव्हतं. आकडे बरोबर होते. फक्त ते पियानोच्या हिशोबाचे होते, समान वाटणी केलेले. तानपुऱ्याचा गंधार त्याच्या किंचित खाली बसतो. नलू जिथे लावत होती, तिथे. मी बरोबर मापकाने चुकीच्या प्रमाणाशी ताडलं होतं. आमच्या विभागात नव्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

त्या दोघी हसत घरी आल्या. स्थळ पसंत होतं. सुमनने पेढा माझ्या तोंडात घातला. मी म्हणालो, "नलू, ते खोकं बिघडलं. मोडीत टाकलं." ती म्हणाली, "बिचारा गवई." एवढंच.

तेव्हा का नाही सांगितलं, याची कारणं मी इतक्या वेळा मांडली आहेत की ती आता गुळगुळीत झाली आहेत. लग्न ठरलंय, आता काय उपयोग. तिला उगाच वाईट वाटेल. हुबळीकडच्यांना गाणारी सून नकोच आहे. यातलं एकही कारण खोटं नाही. पण खरं कारण असं, की घरात आणि ऑफिसात मी मोजून बोलणारा माणूस होतो. तेवढंच माझ्याजवळ होतं, आणि ते मला राखायचं होतं.

तानपुरा ती माझ्याकडेच ठेवून गेली. क्वार्टर सोडताना त्याचा भोपळा तडकला. दुरुस्तीला टाकतो म्हणालो, टाकला नाही.

गेल्या पाडव्याला ती आली तेव्हा सगळं ठरवून ठेवलं होतं. पियानोवरची चादर काढली होती. हा पियानो बंद केला की आपली मांडणी विसरतो आणि पुन्हा इक्वलवर जातो; म्हणून मी सकाळपासून तो बंदच केला नव्हता. सुमन दोनदा म्हणाली, "अहो, त्या बाजाला जरा झोपू द्या."

नलू दारातूनच बोलत आली. "दादा, हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर माझा एक गुडघा राहिलाय, दुसरा घेऊन आलेय." कडुलिंब-गूळ खाताना लहानपणी करायची तसंच तोंड केलं तिने. जेवणं झाली. श्रीखंड जरा जास्त झालं. सुमन आडवी झाली, आणि मी म्हणालो, "नलू, एक ऐकवायचंय."

ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली. आधी मी मुद्दाम इक्वल लावलं. काळी पाच, आणि त्यावरचा गंधार. मी काहीच सांगितलं नव्हतं.

"अगबाई," ती म्हणाली, "हा तुझा गवई. मोडीत टाकला होतास ना?"

मी बटण दाबून धरलं, मांडणी बदलली. "आता हा ऐक."

तिची मान किंचित कलली. मांडीवरची तिची बोटं हलायला लागली, एकामागून एक, तार छेडल्यासारखी. तिचं तिला कळलंही नसावं. मग तिने हलकेच आकारात सूर लावला. आवाज जुना झालेला, मध्ये फाटलेला. पण तो जाऊन बसला आणि दोन आवाजांचा एक झाला. मग तिला खोकला आला आणि ती हसायला लागली. "गळा गेला रे. पण सापडतो अजून."

पदर सावरत तिने विचारलं, "म्हणजे तेव्हा माझा बरोबर होता?"

याच प्रश्नासाठी मी सगळं मांडून ठेवलं होतं. यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हणालो, "प्रश्न संदर्भाचा आहे."

आणि मग मी बोलत सुटलो. सप्तकाची वाटणी कशी करतात, समान वाटणीत गंधार चौदा सेंट वर का जातो, सेंट म्हणजे काय, युरोपात कोणी काय तोडगे काढले. कागद घेतला, आकृती काढली. नलू ऐकत होती. लहानपणी मी सायकलची चेन कशी चालते ते सांगायचो तेव्हा ऐकायची, तशीच, मध्ये मध्ये कन्नडमधलं "सरी, सरी", बरं बरं, करत. बाहेर वारा सुटला होता आणि ती गुलाबी फुलं खिडकीच्या गजांमधून आत येत होती. मी बोलत होतो आणि बोलताना मला ऐकू येत होतं की मी काय टाळतोय.

मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी आत तानपुरा लागला ना, तेव्हाच मला कळलं होतं. तो मला खाली बोलवत होता. पण तू एवढं मोजून दिलं होतंस. म्हटलं, दादाचं चुकणार नाही."

तक्रार नव्हती. काल काय भाजी केली ते सांगावं तसं तिने सांगितलं. इतकी वर्षं ते तिच्याजवळ होतं. माझ्या सगळ्या नकलांना ती ते जवळ ठेवून हसली होती.

सुमन चहा घेऊन आली. "काय गं, सूर लावत होतीस? आता नाही का माईकची भीती वाटत?"

मी नलूकडे बघितलं. नलूने बशीत चहा ओतला. "वाटते की वहिनी," ती म्हणाली. "म्हणून तर दादाच्या पियानोला माईक नाही ते आधी बघून घेतलं."

दोघी हसल्या. मी म्हणालो, "चहा निवतोय."

संध्याकाळी तिची टॅक्सी आली. मी तिला सोडायला खाली गेलो. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि लिफ्ट सावकाश चालते. तिने श्रीखंडाचा डबा पोटाशी धरला होता. म्हणाली, "छान समजावतोस हं तू अजून. उरलेलं पुढच्या वेळी सांग." चालकाने कन्नडमध्ये ट्रॅफिकची घाई लावली. ती आत बसली, गुडघा हाताने उचलून आत घेतला, काच खाली केली आणि वर बघितलं. ऑडिशनच्या दारात बघितलं होतं तसंच, असं मला आता वाटतं. तेव्हा नुसतंच वाटलं की ती कशाची तरी वाट बघतेय.

मी खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "पोचलीस की फोन कर."

म्हणायचं होतं ते असं. नलू, तुझा गंधार बरोबर होता. माझं चुकलं, आणि ते मला त्याच वर्षी नवरात्रात कळलं होतं. तू माईकला कधीच घाबरली नव्हतीस. मी घाबरलो होतो. मला क्षमा कर.